गुरूचे घर आणि सरकारचा कागद

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

मराठी व्याकरणाने लिंगे तीन मानली आहेत : तो, ती, ते. हैदराबादेत वाढणाऱ्या मराठी मुलाला ही गोष्ट घराचा उंबरा ओलांडताच बाजूला ठेवावी लागते. रस्त्यावरच्या दखनी उर्दूत लिंगे दोनच. आणि तेलुगूत एकवचनी क्रियापदाचे एक रूप पुरुषासाठी, तर दुसरे रूप स्त्रीसह उरलेल्या साऱ्या सृष्टीसाठी. मराठीने तिसरे लिंग ज्या शब्दांसाठी राखून ठेवले तेही पाहण्यासारखे आहेत. मूल, लेकरू, पाखरू, वासरू. ज्याला कुशीत घ्यावेसे वाटते त्याला मराठी माणूस 'ते' म्हणतो. या लिंगाचे नाव मात्र नपुंसक, म्हणजे जे पुरुष नव्हे ते. माणसांमध्ये ज्यांना समाजाने तिसरे ठरविले त्यांच्या वाट्याला 'ते' या सर्वनामातील माया आली नाही. नकारार्थी नाव तेवढे आले. 'हिजडा' हा एका समाजाचे नाव सांगणारा शब्द मराठीत शिवी म्हणूनच अधिक वापरला गेला. निष्क्रिय अधिकाऱ्याला बांगड्यांचा आहेर करण्याची रीत आपल्या आंदोलनांत फार जुनी आहे. त्या आहेरात अपमान नक्की कोणाचा होतो, याचा विचार आंदोलकांनी क्वचितच केला असेल.

अलीकडे सरकारी आणि वृत्तपत्रीय मराठीत 'तृतीयपंथी' हा शब्द रूढ झाला. तो सभ्य म्हणून स्वीकारला गेला; पण सभ्यतेपलीकडेही त्यात एक मर्म आहे. या शब्दात 'लिंग' नाही, 'पंथ' आहे. पंथ म्हटला की गुरू आला, शिष्य आला, दीक्षा आली, गादी आली, वारसा आला. हिजडा समाज ही केवळ वेगळ्या देहाच्या वा वेगळ्या मनाच्या व्यक्तींची बेरीज नसून गुरू-चेल्यांच्या परंपरेवर उभी असलेली घराण्यांची रचना आहे. शब्द घडविणाऱ्याच्या मनात हे होते की नाही कोण जाणे. पण या समाजाचा गेल्या दोनशे वर्षांतील झगडा समजून घ्यायचा तर 'लिंग' या शब्दापेक्षा 'पंथ' हाच शब्द अधिक उपयोगी पडतो. राज्ये आली, गेली, कायदे बदलले. प्रत्येक राज्याने या माणसांना काही ना काही कागद दिला किंवा त्यांच्याविषयी काही ना काही कागद लिहिला. त्या कागदावर व्यक्ती कधी संशयित म्हणून आली, कधी रोगी म्हणून, कधी नागरिक म्हणून. परंतु ती व्यक्ती ज्या घरात राहते त्या घराचे काय, या प्रश्नाचे उत्तर फार थोड्या कागदांनी दिले.

प्रथम दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत, कारण त्यांची गल्लत नेहमी होते. सुलतानांच्या आणि मोगलांच्या दरबारांतील ख्वाजासरा, ज्यांना मराठीत 'खोजे' म्हणत, हे बहुधा लहानपणीच खच्ची केलेले गुलाम असत. जनानखान्याची राखण, खजिना, प्रसंगी सेनापतिपद त्यांच्याकडे जाई. १३०८ च्या सुमारास देवगिरीच्या रामदेवराव यादवावर आणि पुढच्याच वर्षी वरंगळच्या काकतीयांवर चालून आलेला मलिक काफूर हा असाच एक. मराठी आणि तेलुगू या दोन्ही भाषकांच्या इतिहासाला लागोपाठच्या मोहिमांत कलाटणी देणारा हा माणूस आपल्या पाठ्यपुस्तकांत 'खिलजीचा सरदार' एवढाच उरला. या दरबारी मंडळींची सत्ता धन्याच्या मर्जीवर अवलंबून असे. हिजड्यांची परंपरा याहून निराळी. ती दरबारात नव्हे, वस्तीत वाढली; आणि तिचा आधार धनी नव्हता, गुरू होता.

तिसरी एक वाट देवाच्या दारातून जाते. सौंदत्तीच्या यल्लम्मेला वाहिलेले जोगते आणि जोगप्पा महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या वाचकांना ठाऊक आहेत. आपल्या खंडोबाचेच तेलंगणी रूप म्हणता येईल अशा कोमुरवेल्लीच्या मल्लन्नाच्या यात्रेत अंगात येणारे 'शिवसत्ती' दिसतात. त्यांतही साडी नेसणारे पुरुषदेही भक्त असतात. मराठी साहित्याने या वाटेची दखल घेतली. राजन गवस यांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्यांनी देवीला सोडलेल्या जिवांची फरफट मराठी वाचकापुढे मांडली आणि त्यांच्याच आधाराने २००९ मध्ये 'जोगवा' हा चित्रपट आला. मात्र देवीच्या नावाने झालेली फरफट पाहून हळहळणे वाचकाला सोपे जाते. तेथे दोष अंधश्रद्धेवर टाकता येतो. ज्याने स्वतः होऊन घर सोडले आणि दुसरे घर जवळ केले, त्याला समजून घेणे अधिक अवघड. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे 'मी हिजडा, मी लक्ष्मी' हे वैशाली रोडे यांनी शब्दांकित केलेले आत्मकथन २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले, पुढे दिशा शेख यांची कविता आली, तेव्हा कोठे हा आवाज दुसऱ्याच्या करुणेतून न गाळता मराठीत उमटू लागला.

हैदराबाद आणि सिकंदराबाद येथील हिजड्यांची घराणी दोन : शहरवाला आणि लश्करवाला. सिकंदराबादेत इंग्रजांची छावणी होती, म्हणून जुने हैदराबादी त्या भागाला आजही लश्कर म्हणतात. आषाढातील बोनालूलाही 'लश्कर बोनालू' असेच नाव आहे. मूसीकाठचे मूळ शहर आणि हुसेनसागराच्या पलीकडची छावणी, या शहराच्या जुन्या दुभंगाचीच ही दोन नावे. मुंबईकडे सात घराणी मानतात, त्यांत एक पूनावाला आहे. नवा येणारा कोणा गुरूचा चेला होतो, पंचांसमोर त्याची 'रीत' होते, आणि मग त्याला गुरू, गुरूचा गुरू, गुरुभगिनी अशी सारी नाती एकाच वेळी प्राप्त होतात. मावशी, आजी, मुलगी, नात ही नावे येथे रक्ताशिवाय चालतात. घराचे नियम मोडल्यास पंच दंड करतात. घराबाहेर काढणे ही सर्वांत मोठी शिक्षा. आपसात बोलताना ही मंडळी स्त्रीलिंगीच बोलतात. व्याकरणातले तिसरे लिंग त्यांनी कधी मागितले नाही.

मानववंशशास्त्रज्ञ गायत्री रेड्डी यांनी १९९०च्या दशकाच्या मध्यास याच जुळ्या शहरांत राहून या समाजाचा अभ्यास केला आणि तो २००५ मध्ये ग्रंथरूपाने इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्या ग्रंथाचा मुख्य निष्कर्ष असा की या समाजातील उतरंड देहावरून ठरत नाही, 'इज्जत' या एका शब्दावरून ठरते. जन्माच्या वा लग्नाच्या घरी जाऊन बधाई मागणारे वरच्या पायरीवर. पोटासाठी देहविक्रय करणारे खालच्या. जुन्या शहरातील हवेलीत राहणारी गुरू आणि सिकंदराबाद स्टेशनच्या आसपास उघड्यावर राहणारी चेली एकाच घराण्याची असली तरी त्यांच्या इज्जतीत मोठे अंतर. जन्माने हिंदू असलेलेही येथे बहुधा मुसलमानी आचार पाळतात, आणि त्याच वेळी बहुचरा मातेलाही हात जोडतात. हैदराबादी माणसाला याचे नवल वाटू नये. नवल वाटण्याजोगी गोष्ट ही की ज्यांना बाहेरचे जग निर्लज्ज समजते त्यांच्या जगाचा कणा लज्जा आणि प्रतिष्ठा हाच आहे.

आता कागदाकडे वळू. मराठेशाहीत दख्खनमधील हिजड्यांना सनदा मिळालेल्या होत्या. काहींना इनाम जमिनी होत्या, काहींना ठरावीक गावांतून पैसा आणि धान्य गोळा करण्याचा हक्क होता. गोसाव्याला, फकिराला, देवळाच्या पुजाऱ्याला जसा हक्क, तसाच हा. याला सन्मान म्हणावे की नाही यावर वाद होऊ शकेल. पण गावगाड्यात त्यांना जागा होती आणि ती जागा कागदावर होती, एवढे निर्विवाद. तो हक्क गुरूकडून चेल्याकडे जाई आणि राज्य ते मान्य करी. लॉरेन्स प्रेस्टन या अभ्यासकाने १९८७ मध्ये मुंबई इलाख्याच्या दफ्तरांतून हा सारा व्यवहार उजेडात आणला. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात या निबंधाला मिळायला हवी होती तेवढी जागा मिळालेली नाही.

इंग्रजी अमलात हा हक्क टिकणे कठीण होते. कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांना दोन गोष्टी खुपल्या. एक, भिक्षा मागण्याची पद्धत त्यांना असभ्य वाटली. दुसरी अधिक महत्त्वाची. वंशपरंपरागत इनाम म्हणजे बापाकडून मुलाकडे जाणारे, अशी त्यांची समजूत. ज्याला मूल होणारच नाही त्याचे इनाम वंशपरंपरागत कसे? चेला हा वारस कसा? १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला इनामांची छाननी करण्याचे अधिकार मिळाले आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या हक्कांना मान्यता नाकारण्याचेच धोरण पक्के झाले. सनद गेली. एका पिढीचे उत्पन्न बंद झाले एवढाच त्याचा अर्थ नव्हता. गुरूचे घर हे वारसा चालविणारे घर आहे ही गोष्टच सरकारने अमान्य केली.

त्याच १८५२ साली उत्तरेत मैनपुरी जिल्ह्यात भूरा नावाच्या एका हिजड्याचा खून झाला. खटला खुनाचा, पण न्यायाधीशांचे आणि अधिकाऱ्यांचे लक्ष मारणाऱ्यावरून मेलेल्याच्या समाजाकडे वळले. बळी पडलेलाच संशयित ठरला. पुढील वीस वर्षांत वायव्य प्रांताच्या अधिकाऱ्यांनी या समाजाविषयी जो गवगवा केला त्याची परिणती १८७१ च्या सत्ताविसाव्या कायद्यात झाली. गुन्हेगार जमातींचा कायदा म्हणून तो आपल्याला ठाऊक आहे. पारधी, बेरड, कैकाडी यांच्या कपाळी ज्याने शिक्का मारला तो हाच. त्याचा दुसरा भाग हिजड्यांविषयी होता, हे मात्र पुष्कळांना माहीत नसते. त्याने नोंदवही आणली. संशयिताचे नाव-पत्ता पोलिसांच्या वहीत. बायकी पोशाखात किंवा दागिने घालून रस्त्यावर दिसला, नाचला, गायला तर शिक्षा. सोळा वर्षांखालचा मुलगा घरात ठेवला तर शिक्षा. मृत्युपत्र करता येणार नाही, बक्षीसपत्र करता येणार नाही, दत्तक घेता येणार नाही, अज्ञानाचा पालक होता येणार नाही. हा शेवटचा भाग नीट वाचला तर लक्षात येते की कायद्याचा रोख पोशाखाएवढाच घरावरही होता. ज्याला दान करता येत नाही, वारस नेमता येत नाही आणि लहान मूल जवळ ठेवता येत नाही, त्याचे घर एका पिढीत आपोआप संपावे, हा त्यातला हिशेब. ही तरतूद प्रत्यक्षात मुख्यतः वायव्य प्रांतात राबविली गेली आणि १९११ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात ती रद्द झाली.

ब्रिटिश मुलखात जे रद्द झाले ते निजामाच्या राज्यात आठ वर्षांनी अवतरले. फसली १३२९, म्हणजे इसवी सन १९१९. उस्मानिया विद्यापीठाचे वर्ग भरू लागले ते हेच दिवस; मूसीच्या काठी उच्च न्यायालयाची लाल दगडातील देखणी इमारत पुरी होत आली होती आणि १९२० मध्ये मीर उस्मान अली खान यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याची दूरदृष्टी दाखविणाऱ्या राज्याने त्याच सुमारास हा कायदा करावा, यात विसंगती आहे खरी; पण सुधारणेच्या उत्साहात असे घडते. नगर सुंदर करावयाचे म्हणजे रस्त्यावरील 'असुंदर' माणसे हटवावयाची, हा विचार त्या काळापुरता मर्यादित नव्हता.

हैदराबादच्या या कायद्याचा साचा १८७१ चाच होता. हैदराबाद शहरात, किंवा सरकार ज्या ठिकाणी कायदा लागू करील तेथे राहणाऱ्या, मुले पळविणे, खच्ची करणे किंवा अनैसर्गिक कृत्य यांचा संशय असणाऱ्या हिजड्यांची नोंदवही ठेवावी. नोंद झालेली व्यक्ती स्त्रीवेषात किंवा दागिने घालून सार्वजनिक जागी आढळली, किंवा तिने रस्त्यावर नाचगाणे केले, तर वॉरंटावाचून अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. सोळा वर्षांखालील मुलगा जवळ आढळला तर तीच शिक्षा. हिजडा कोणाला म्हणावे याची व्याख्या अशी होती की जो आपण नपुंसक असल्याचे कबूल करतो किंवा वैद्यकीय तपासणीत तसा दिसतो असा पुरुष. म्हणजे ज्याने स्वतःला कधी पुरुष म्हटलेच नाही त्याला आधी पुरुष ठरवावयाचे आणि मग पुरुष म्हणून उणा ठरवावयाचे.

१९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, १९५६ मध्ये भाषावार प्रांतरचना होऊन मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, तेलंगण आंध्र प्रदेशात गेले, २०१४ मध्ये वेगळे राज्य झाले. प्रत्येक वेळी कायद्याच्या नावातील प्रदेशाचा उल्लेख बदलला. कायदा तसाच राहिला. शेजारच्या पारध्यांना आणि लमाणांना १९५२ मध्ये गुन्हेगारीच्या शिक्क्यातून मुक्त करण्यात आले. 'विमुक्त' हा शब्द तेव्हापासूनचा. हैदराबादचे हिजडे विमुक्त झाले नाहीत, कारण त्यांचा कायदा वेगळ्या पुस्तकात होता आणि ते पुस्तक कोणी उघडले नाही.

मधल्या काळात उदरनिर्वाहाची पारंपरिक साधनेही आटत गेली. बधाईचा व्यवसाय जन्मांवर चालतो. 'हम दो हमारे दो' आले, बाळंतपणे इस्पितळात होऊ लागली, वाड्यांच्या जागी फ्लॅट उभे राहिले आणि त्यांच्या फाटकावर रखवालदार बसला. कुटुंबनियोजनाचा असा परिणाम नियोजनकर्त्यांच्या स्वप्नातही नसेल. ज्यांच्या आशीर्वादाला मोल होते त्यांना चौकातील सिग्नलवर हात पुढे करावा लागला, आणि 'इज्जत' या एकाच शब्दावर उभ्या असलेल्या समाजाला हा बदल किती बोचला असेल याची कल्पना करता येते. सरकारला या समाजाची पुन्हा आठवण झाली ती एड्सच्या साथीत. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन झाली. पैसा आला, कार्यकर्ते आले, संस्था निघाल्या. त्यातून पुष्कळांचे प्राण वाचले आणि संघटनेची सवयही लागली. तथापि हीही एक नोंदवहीच होती. आधी गुन्ह्याची, आता रोगाची.

नागरिक म्हणून नोंद व्हावयास आणखी बराच काळ लागला. निवडणूक आयोगाने २००९ मध्ये मतदारयादीत स्त्री-पुरुषांखेरीज 'इतर' असा रकाना दिला. २०११ च्या जनगणनेत या रकान्यात ४,८७,८०३ माणसे आली. त्यांत महाराष्ट्रातील ४०,८९१ आणि तेव्हाच्या अखंड आंध्र प्रदेशातील ४३,७६९. आकडा खरा किती असेल याविषयी शंका घेतली जाते. दारावर आलेल्या प्रगणकापुढे कोण काय सांगेल, आणि घरातला कर्ता पुरुष कोणाचे नाव कोठे लिहवील, हे सांगणे कठीण.

या रकान्याने काय होते आणि काय होत नाही हे दोन निवडणुकांवरून कळते. मध्य प्रदेशातील कटनी शहराने शतक बदलण्याच्या सुमारास कमला जान यांना महापौर म्हणून निवडून दिले. पद स्त्रियांसाठी राखीव होते. न्यायालयाने कमला जान यांना पुरुष ठरविले आणि निवडणूक रद्द झाली. मतदारांनी ज्यांना ओळखून मते दिली त्यांना कायद्याने ओळखले नाही. वीस वर्षांनी जळगाव जिल्ह्यातील भादली गावात अंजली पाटील यांनी ग्रामपंचायतीसाठी स्त्रियांच्या राखीव जागेवर अर्ज भरला. तोही नाकारला गेला. पण जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्या स्वतःला स्त्री मानतात हे पुरेसे आहे असे ठरवून त्यांचा अर्ज ग्राह्य धरला, आणि त्या निवडून आल्या. त्याआधी, २०१७ मध्ये, सोलापूर जिल्ह्यातील तरंगफळ गावाने ज्ञानेश्वर कांबळे यांना सरपंच केले होते. हैदराबादेतही २०१८ च्या विधानसभा निवडणुकीत चंद्रमुखी मुव्वला या गोशामहल मतदारसंघातून उभ्या राहिल्या. त्यांना यश आले नाही, परंतु तेलंगणात अशी उमेदवारी प्रथमच घडली.

कटनी आणि भादली यांच्यामध्ये जे घडले ते म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा १५ एप्रिल २०१४ चा निकाल. न्यायमूर्ती राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती सिक्री यांनी ठरविले की आपले लिंग कोणते हे सांगण्याचा अधिकार त्या व्यक्तीचा. शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही. आणि या समाजाला मागासवर्गीय मानून शिक्षणात व नोकरीत राखीव जागा द्याव्यात. नोंद कोणी करावयाची, या प्रश्नाला दिलेले हे पहिले स्वच्छ उत्तर. पुढे २०१९ मध्ये संसदेने कायदा केला, तेव्हा हे उत्तर थोडे मळले. ओळखीचा दाखला जिल्हाधिकाऱ्याकडून घ्यावयाचा, आणि स्त्री वा पुरुष अशी नोंद हवी असेल तर शस्त्रक्रियेचा वैद्यकीय पुरावा आणावयाचा, असे त्यात ठरले. लैंगिक अत्याचारास कमाल शिक्षा दोन वर्षांची ठेवण्यात आली. स्त्रीवरील बलात्काराला असलेल्या शिक्षेशी ती ताडून पाहावी. देशभर त्याविरुद्ध निदर्शने झाली ती या कारणांनी.

हैदराबादचा जुना कायदा अखेर २०१८ मध्ये न्यायालयापुढे आला. वैजयंती वसंता मोगली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनहित याचिका दाखल केली. त्याच वर्षी सप्टेंबरात न्यायालयाने त्या कायद्याखाली कारवाई करण्यास अंतरिम मनाई केली आणि ६ जुलै २०२३ रोजी मुख्य न्यायमूर्ती उज्जल भुयान व न्यायमूर्ती सी. व्ही. भास्कर रेड्डी यांच्या खंडपीठाने तो संपूर्ण कायदा घटनाबाह्य ठरविला. संपूर्ण समाजालाच गुन्हेगार मानणारा हा कायदा घटनेच्या चौदाव्या आणि एकविसाव्या कलमांचा भंग करतो, असे न्यायालयाने म्हटले, आणि राज्याच्या 'आसरा' निवृत्तिवेतनाचा लाभ या समाजाला द्यावा असेही सांगितले. जी इमारत त्या कायद्याबरोबरच उभी राहिली तिच्यातच एकशे चार वर्षांनी त्याचा शेवट झाला. आपले ग्रंथालय आणि तो कायदा साधारण एकाच पिढीचे. या वास्तूत पुस्तकांची देवघेव होत असताना बाहेरच्या रस्त्यावर तो लागू होता, हेही ध्यानात घ्यावे.

त्यानंतरच्या घटना वेगाने घडल्या. २०२२ च्या अखेरीस प्राची राठोड आणि रूथ जॉन पॉल या दोन तृतीयपंथी डॉक्टर उस्मानिया रुग्णालयात सरकारी सेवेत रुजू झाल्याच होत्या. प्राची राठोड यांचे वैद्यकीय शिक्षण आदिलाबादचे. डिसेंबर २०२४ मध्ये गोशामहलच्या मैदानावर शारीरिक चाचण्या होऊन ३९ तृतीयपंथी व्यक्तींची वाहतूक साहाय्यक म्हणून निवड झाली. ज्या चौकात स्त्रीवेषात उभे राहणे हाच गुन्हा होता, ज्या चौकात मग भीक मागावी लागली, तेथे त्या पोलिसांच्या बरोबरीने गणवेषात उभ्या राहिल्या. याउलट २०२१ मध्ये हैदराबादेत सुरू झालेले आणि याच समाजाच्या लोकांनी चालविलेले 'मित्र' हे चिकित्सालय २०२५ च्या आरंभी अमेरिकेची मदत थांबताच बंद पडले. पुणे आणि कल्याण येथील केंद्रांचीही तीच गत झाली. हैदराबादचे केंद्र काही महिन्यांनी टाटा न्यासाच्या साहाय्याने 'सबरंग' या नावाने पुन्हा उघडले. नोकरी ३९ जणींची आणि दवाखाना परक्यांच्या पैशावर, एवढ्यावरून स्थिती पालटली असे म्हणणे उतावळेपणाचे होईल. पण तिला काहीच अर्थ नाही असे म्हणणारा माणूस त्या चौकातून कधी गेलेला नसावा.

एक गोष्ट मात्र १८५२ पासून जागची हललेली नाही. २०१९ च्या कायद्याने 'कुटुंब' या शब्दाची व्याख्या दिली : रक्ताने, विवाहाने किंवा कायदेशीर दत्तकविधानाने जोडलेली माणसे. त्यात गुरू बसत नाही, चेला बसत नाही. अल्पवयीन मुलाला घरच्यांनी सांभाळले नाही तर न्यायालय त्याला पुनर्वसन केंद्रात पाठवील, असे त्या कायद्यात आले. ज्या घराने आजवर अशी मुले सांभाळली त्या घराचे नाव त्यात नाही. या घरांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तेथे जुलूम आहे, कमाईचा वाटा हिसकावणे आहे, चेल्यांची देवघेव आहे, आणि या समाजातील तरुण सुशिक्षित मंडळीच त्याविरुद्ध बोलू लागली आहेत. पण जन्मदात्या घराने हाकलल्यावर पहिल्या रात्री ज्याने दार उघडले ते घर बहुतेकांच्या बाबतीत हेच होते. न्यायालयांनी प्रसंगी ते ओळखले आहे. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने १९९० मध्ये एका दाव्यात गुरू-चेल्यांमधील वारशाची रूढी मान्य केली होती. पण असे निवाडे दावा लढविण्याची ऐपत असलेल्यांपुरतेच राहतात. एरवी गुरू वारली की चेली कागदोपत्री कोणीच नसते. आणि वीस वर्षे ज्याने विचारपूस केली नाही तो सख्खा पुतण्या हवेलीच्या दाराशी वारसदाखला घेऊन उभा राहू शकतो.